निर्लेखनानंतर

सरकारी नोकरीतून निवृत्त होणाऱ्या माणसाचा निरोपसमारंभ हा एका परीने निर्लेखनाचाच सोहळा असतो. वस्तू वापरून झाली, तिचे ठरलेले आयुष्य संपले, सबब तिचे नाव भांडारवहीतून कमी करण्यात यावे, एवढाच त्या शाल-श्रीफळाचा दप्तरी अर्थ. 'निर्लेखन' हा महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांचा शब्द. आमची हयात गुजरात सरकारच्या चाकरीत, बडोदे, भरूच आणि गांधीनगर अशा त्रिस्थळी यात्रेत गेल्यामुळे आमच्या तोंडी 'कंडेम' हाच शब्द बसलेला होता. तो आम्ही चौतीस वर्षे इतरांसाठी वापरला; २०१६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, तो आम्हाला लागू झाला, इतकेच.

हा शब्द आमच्या जिभेवर रुळण्यास कारणही होते. नोकरीतली शेवटची दहा-बारा वर्षे जुन्या सरकारी वाहनांची पाहणी करणाऱ्या समितीवर आमची नेमणूक असे. आवाराच्या मागच्या बाजूस, बाभळीखाली, पांढऱ्या अँबेसिडर गाड्या आणि दोन-चार जीपगाड्या ओळीने उभ्या असत. गाडी किती किलोमीटर चालली, तिच्यावर आजवर किती खर्च झाला, पुढच्या दुरुस्तीस किती लागेल आणि बाजारात तिचे काय येईल, असे चार आकडे एका तक्त्यात मांडायचे, यांत्रिकी अभियंत्याचा दाखला जोडायचा आणि खाली सही करायची. सार्वजनिक पैशाचा हिशेब असाच ठेवला पाहिजे, याविषयी आमच्या मनात आजही शंका नाही. तथापि त्या तक्त्यात न मावणारी एक गोष्ट आम्ही दरवेळी पाहत होतो. कंडेम ठरलेल्या दहा गाड्यांपैकी दोन-तिघींचे इंजिन ठणठणीत असे. लिलावाला आलेला एखादा जाणता मिस्त्री बॉनेट उघडून, नुसता कान देऊन उभा राही आणि आमच्या तक्त्याच्या चार आकड्यांत नसलेला पाचवा आकडा मनातल्या मनात मांडून बोली बोले. तो आकडा त्याला कुठून सापडतो, याचे कुतूहल आमच्या मनात तेव्हापासून घर करून होते.

निवृत्तीनंतर काय करावे, याविषयी सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. सोसायटीचे चिटणीसपद, सकाळचे फिरणे, भजनी मंडळ, पुण्याला मुलाकडे जाऊन नातवंडांना शाळेच्या बसपर्यंत पोहोचवणे, हे सारे पर्याय आमच्यापुढे रीतसर मांडण्यात आले. आम्ही जुन्या मोटारी पूर्ववत करण्याचा धंदा काढणार असल्याचे जाहीर केले, तेव्हा घरात काही काळ शांतता पसरली. मग आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, इतकी वर्षं गाड्या भंगारात काढल्यात, आता भंगारातून गाड्या काढणार का?" आमच्या संपूर्ण बेताचे इतके नेमके वर्णन आम्हालाही करता आले नसते.

इथे एक खुलासा केला पाहिजे. छंद आणि धंदा यांत फरक आहे. छंदाला वेळेचे बंधन नसते आणि त्यात फसले तरी विचारणारा कोणी नसतो. धंद्याला जागेचे भाडे असते, कामगारांचा पगार असतो, जीएसटीचा क्रमांक असतो आणि 'काका, गाडी कधी देताय?' असे दर आठवड्याला विचारणारा गिऱ्हाईक असतो. आम्ही ग्रॅच्युइटीतला एक तृतीयांश भाग बाजूला काढला, उरलेल्याला हात लावणार नाही असे घरी लेखी दिले, आणि मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीपलीकडे वडसरच्या बाजूला एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली. त्याआधी वर्षभर मात्र शहरातल्या एका जुन्या गॅरेजात उमेदवारी केली. वाणिज्य शाखेच्या पदवीधराने साठीच्या उंबरठ्यावर पाना हाती धरायचा, तर एवढी नम्रता आवश्यकच होती.

त्या गॅरेजातले पत्र्याचे मिस्त्री हे आमचे गुरू. पुढे ते आमच्याच शेडमध्ये आले. सत्तरीकडे झुकलेले, एका कानाने कमी ऐकणारे आणि दुसऱ्या कानाने पत्रा ऐकणारे. त्यांनी शिकवलेला पहिला धडा असा की, गाडी उघडण्याआधी तिचे चित्र काढावे. कोणती तार कुठून कुठे जाते, कोणत्या बोल्टखाली किती वायसर आहेत, हे टिपून ठेवल्याविना काही सोडवू नये. हा धडा ऐकून आमच्या जिवात जीव आला, कारण आमच्या नोकरीने दिलेली एकमेव कला इथे उपयोगी पडणार होती. आज आमच्या शेडमध्ये प्रत्येक गाडीची स्वतंत्र फाइल असते. प्रत्येक भागाला चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक, आणि त्या क्रमांकांची आवक-जावक वही. मिस्त्री प्रथम हसले. वर्षभराने एका फियाटच्या दाराची बिजागरीची खीळ वहीतून दोन मिनिटांत सापडली, तेव्हापासून ते चिठ्ठीशिवाय स्क्रूही खाली ठेवत नाहीत.

बडोद्याला मोटारींचे अप्रूप नवे नाही. संस्थानी दरबाराच्या आलिशान गाड्यांच्या गोष्टी आमच्या पिढीने लहानपणी ऐकल्या आहेत, आणि जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या हिरवळीवर देशभरातल्या दुर्मीळ मोटारींचे प्रदर्शन भरले, तेव्हा सारे शहर ते पाहायला लोटले होते. यंत्रविद्येचीही इथे परंपरा आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले ते हाताने काम करणारी माणसे घडावीत म्हणून. पण राजेरजवाड्यांच्या गाड्यांना सांभाळणारे धनी मिळतात. आम्हाला ओढ वाटली ती वकिलाच्या फियाटची, डॉक्टरांच्या अँबेसिडरची, एखाद्या कारखानदाराने हौसेने घेतलेल्या स्टँडर्ड हेरल्डची. परवाना पद्धतीच्या त्या काळात मध्यमवर्गीय माणूस गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबे. उत्तरपाड्याची अँबेसिडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड, एवढीच काय ती निवड. हिंदुस्तान मोटर्सची सुरुवात १९४२ साली आपल्या गुजरातेतल्या ओखा बंदरात झाली होती, हे अनेकांना ठाऊक नसते. तिथून ती पुढे बंगालात गेली. १९५७ साली आलेली अँबेसिडर मे २०१४ पर्यंत तयार होत राहिली. इतक्या दीर्घ आयुष्यामुळे तिला कोणी 'दुर्मीळ' म्हटले नाही, आणि म्हणूनच तिचे सुरुवातीचे नमुने बघता बघता नाहीसे झाले.

गाडी पूर्ववत करणे म्हणजे इंजिन चालू करणे आणि रंग मारणे, असा बहुतेकांचा समज असतो. इंजिन ही त्यातली सोपी गोष्ट. सिलिंडर झिजले तर बोअरिंग करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवता येतात. खरा शत्रू गंज. तो वरून दिसत नाही. पायाखालच्या गालिच्याखाली, दारांच्या तळाशी, डिकीत स्टेपनीच्या खळग्यात पावसाचे पाणी मुरते आणि तिथे तो वर्षानुवर्षे वाढतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे दोन पत्रे जिथे जोडलेले असतात तिथला सांधा तो आतून फुगवून उसवतो. रंगाखाली एखादा फोड दिसला की समजावे, आत गाव वसले आहे. बाजारातला उतावळा कारागीर तिथे लांबी भरतो, घासतो आणि रंग मारून मोकळा होतो. दोन पावसाळ्यांनी फोड परत येतो. आमचे मिस्त्री आधी सारा रंग खरवडून काढतात, मग लहान हातोडीने इंच-इंच वाजवून पाहतात. मेलेला पत्रा बद्द वाजतो, निरोगी पत्रा खणखणतो. एखादा भाग काढून टाकावा असे आम्हाला वाटावे आणि त्यांनी मान हलवून म्हणावे, "साहेब, आ पतरुं हजी जीवे छे." लिलावात उभ्या राहणाऱ्या त्या जाणत्याचा पाचवा आकडा तो हाच, हे आम्हाला तेव्हा उमगले.

सुट्या भागांची कथा निराळी. फियाटचे पाने मिलिमीटरचे, अँबेसिडरचे इंचाचे. एकीचा बोल्ट दुसरीला चालत नाही. ब्रिटिश घाटाच्या कित्येक जुन्या गाड्यांत बॅटरीची धन बाजू सांगाड्याला जोडलेली असते, हे नव्या पोराला आधी सांगावे लागते. बंपरचा मुलामा टिकायचा तर तांबे, निकेल आणि क्रोम असे तीन थर चढवावे लागतात. मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी धावत होती तोवर फियाटच्या भागांना रोजचे गिऱ्हाईक होते. ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. आता कुर्ल्यातल्या दुकानात आमचा फोन गेला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, 'किती नग घेणार?' आम्ही एकच म्हणतो आणि तो माणूस उसासा टाकतो. पेट्रोलही पूर्वीचे राहिले नाही. २००० साली देशभरातून शिशाचे पेट्रोल गेले ते योग्यच झाले, पण त्या शिशाच्या आधाराने टिकणाऱ्या जुन्या व्हॉल्व्हच्या बैठका कठीण धातूच्या करून घ्याव्या लागतात. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या आणि बुचाची गास्केटे खाते, हवेतला ओलावा ओढून टाकीला आतून गंज आणते. म्हणून नळ्या नव्या धर्तीच्या बसवायच्या आणि गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करायची. जुने जपायचे तर काही गोष्टी नव्या कराव्याच लागतात.

किती नव्या कराव्यात, हा मात्र या धंद्यातला सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि तो आमच्यापुढे आला तो एका अँबेसिडरच्या रूपाने.

दांडिया बाजारातल्या एका जुन्या घराच्या चौकात १९६१ सालची ही गाडी उभी होती. तिचे धनी डॉक्टर. रात्री-अपरात्री ते याच गाडीतून रोग्यांच्या घरी जात. १९९४ साली ते गेले, तेव्हापासून गाडी हलली नव्हती. चिरंजीव अमेरिकेत. त्यांनी फोनवरून आम्हाला सांगितले की, खर्चाची चिंता नको, पण काम फक्कड झाले पाहिजे. मुलाच्या लग्नात वर त्या गाडीतून यावा अशी त्यांची इच्छा. त्यासाठी नव्या काळातले इंजिन, वातानुकूलन, पॉवर स्टिअरिंग आणि आरशासारखा रंग हवा. दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी पाहायला गेलो, तर डॉक्टरांच्या पत्नी, वय वर्षे अठ्ठ्याऐंशी, काठी टेकत चौकात आल्या. आम्हाला त्या लहानपणापासून ओळखतात. म्हणाल्या, "हे बघ, हे ठेवून गेले तशी होईल का? नाहीतर राहू दे."

गाडीत काय होते? डॅशबोर्डवर औषधांच्या चिठ्ठ्यांचे पॅड अडकवायला डॉक्टरांनी स्वतः भोके पाडून बसवलेली पितळेची चाप होती. मागच्या आसनाच्या डाव्या कोपऱ्यावर, बॅग ठेवून ठेवून, रेक्झिन झिजून मऊ झालेले होते. पुढच्या जाळीवर रेड क्रॉसची पट्टी लावल्याच्या दोन खुणा होत्या. कारखान्यातून आली तशी गाडी करायची तर ही भोके बुजवावी लागणार, आणि चिरंजीवांच्या मनासारखी करायची तर गाडीच वेगळी होणार. पैसे एकाचे आणि आठवण दुसरीची, असा हा पेच होता. मध्ये आम्ही.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली मान्य केलेली ट्युरिन सनद म्हणून एक दस्तऐवज आहे. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी जशी तत्त्वे असतात, तशी ती वाहनांसाठी आहेत. त्यातली दोन आम्हाला फार मोलाची वाटतात. गाडीच्या वापराच्या काळात तिच्यात झालेले बदल हाही तिचा इतिहास असतो. आणि आज आपण काही बदल करू तो शक्यतो उद्या उलटवता येईल असा असावा. या मोजपट्टीने पाहता डॉक्टरांची भोके इतिहासात जमा होत होती आणि नवे इंजिन होत नव्हते. आम्ही चिरंजीवांना पत्र लिहिले नाही, सरळ टिप्पणी लिहिली. विषय, वस्तुस्थिती, पर्याय 'अ', पर्याय 'ब', प्रत्येकाचा खर्च, प्रत्येकाने काय मिळेल आणि काय कायमचे जाईल. शेवटी 'निर्णयार्थ सादर'. दहा दिवस उत्तर नाही. अकराव्या दिवशी रात्री उशिरा त्यांचा फोन आला. त्यांनी एकच विचारले, "ती चाप अजून आहे?" आम्ही होय म्हणालो. "मग पर्याय 'ब'. पण सुरक्षेचे पट्टे लावा." पट्टे लावले. ते चार बोल्ट काढले की निघतात.

काम चालू असतानाच ऑगस्ट २०२४ उजाडला. महिनाअखेरीस विश्वामित्री कोपली. तिची धोक्याची पातळी २६ फुटांची. पाणी ३५ फुटांच्याही वर गेले. शहराच्या सखल भागांत माणसे गच्च्यांवर बसली आणि रस्त्यांवर मगरी फिरल्या. आमच्या शेडमध्ये कमरेइतके पाणी तीन दिवस राहिले. आसनांची कातडी आणि फायली माळ्यावर असल्याने वाचल्या. डॉक्टरांची गाडी मात्र घोड्यांवर चढवलेली असूनही तिचे इंजिन निम्मे बुडाले. चिरंजीवांना काय कळवावे, या विचाराने त्या तीन रात्री आम्हाला झोप लागली नाही.

पाणी ओसरल्यावर मिस्त्रींनी घाई करू दिली नाही. कोणी किल्लीला हात लावायचा नाही, ही पहिली ताकीद. बॅटरी सोडवली, स्पार्क प्लग काढले, सिलिंडरमधले पाणी बाहेर घालवले. ऑइल काढले तर ते चहासारखे दुधट निघाले. दोनदा धुऊन तिसऱ्यांदा नवे भरले. डायनॅमो आणि स्टार्टर उघडून, पुसून उन्हात ठेवले, पापडासारखे. कार्ब्युरेटर खोलून साफ केला. सहाव्या दिवशी हातांनी दांडा फिरवून इंजिन मोकळे असल्याची खात्री केली आणि मग ते चालू केले. १४८९ घनसेंटीमीटरचे ते इंजिन दोनदा खोकले, काळा धूर सोडला आणि लयीत चालू लागले. मिस्त्रींनी बरा कान पुढे केला आणि नुसती मान डोलावली. त्याच आठवड्यात शहरातून नव्या कोऱ्या गाड्या क्रेनवरून नेल्या जात होत्या. त्यांच्या पोटात पाणी शिरले होते, आणि गाडीभर पसरलेली विजेची उपकरणे बदलण्याचा खर्च इतका होता की विमावाल्यांनी त्यांतल्या कितीतरी गाड्या पूर्ण नुकसानीत धरल्या. पुन्हा तेच चार आकडे, पुन्हा तोच तक्ता. नव्या गाड्या अधिक सुरक्षित आहेत, कमी धूर सोडतात, याबद्दल वाद नाही. पण जुनी गाडी घडवणाऱ्याने ती बिघडेल हे गृहीत धरले होते आणि ती उघडून दुरुस्त करणारा कोणीतरी असेल, हेही.

डिसेंबरात गाडी दांडिया बाजारात परत नेली. तोवर कागदपत्रांचे कामही झाले होते. जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या खाजगी गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून नोंदणीची सोय झाली. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क, मुदत दहा वर्षे, आणि आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. काकू चौकात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी चाप पाहिली, झिजलेल्या कोपऱ्यावरून हात फिरवला, समाधानाने मान हलवली. मग मागचे दार उघडून आत वाकल्या, क्षणभर तशाच राहिल्या आणि आम्हाला विचारले, "वास कुठे गेला रे?"

स्पिरिट, टिंक्चर, पेट्रोल आणि जुन्या रेक्झिनचा तो वास. तो पुरात गेला, की त्याआधी तीस वर्षांत गेला, की आम्ही गालिचे आणि गाद्या बदलल्या तेव्हा गेला, हे आम्हाला सांगता आले नाही. त्याला चिठ्ठी लावलेली नव्हती. काकूही उत्तरासाठी थांबल्या नाहीत. पुढच्या आसनावर, डावीकडे, आपल्या नेहमीच्या जागी बसल्या आणि म्हणाल्या, "चल, सुरसागरापर्यंत ने." तलावाला एक फेरी घालून आम्ही परतलो. वाटेत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. आमचे काम कुठवर पोहोचते आणि कुठे थांबते, हे त्या एका फेरीत आम्हाला जितके कळले तितके कोणत्याही सनदेत सापडले नसते.

या नऊ वर्षांत आमच्या शेडमधून सात गाड्या बाहेर पडल्या. एका गाडीला वर्ष ते सव्वा वर्ष लागते. भाडे, पगार आणि सामान वजा जाता उरते ते फार नाही. पेन्शन नसती तर हे दुकान दुसऱ्या वर्षीच बंद झाले असते, हे जो कोणी या वाटेने जाऊ इच्छितो त्याला आम्ही आधीच सांगतो. बाजूला काढलेला एक तृतीयांश भाग अजून पुरता परत आलेला नाही. उरलेल्याला हात लागलेला नाही, हे सौभाग्यवती मान्य करतात. खरी चिंता निराळी आहे. मिस्त्रींचा मुलगा मोबाइलच्या दुकानात बसतो आणि त्याचे काही चुकले असे आम्हाला म्हणवत नाही. मिस्त्रींच्या कानातले ज्ञान मात्र वहीत उतरत नाही. आयटीआयमधून आलेली दोन पोरे त्यांच्या हाताखाली आहेत. परवा त्यांतला एक दाराचा पत्रा वाजवत होता. त्याने दोनदा वाजवला, थांबला, पुन्हा वाजवला आणि खडूने खूण केली. मिस्त्रींनी दुरूनच पाहिले, ती खूण पुसली नाही. त्या दिवशी चहा त्यांनी पाजला.

जाता जाता एक दप्तरी गंमत. २०२३ सालच्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होते. त्यांच्यासाठी आता आमच्यासारख्यांच्या समितीचीही फारशी गरज उरलेली नाही. पेन्शनरांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो; आपण अजून आहोत हे बँकेत जाऊन सिद्ध करावे लागते. डॉक्टरांच्या अँबेसिडरला मात्र सरकारने एकदम दहा वर्षांची मुदत दिली आहे. सरकारचा अंदाज आमच्याबाबत अधिक सावध आहे आणि तो रास्तच म्हटला पाहिजे. तोवर शेडमध्ये एक १९६४ सालची फियाट आली आहे. तिची फाइल कालच उघडली. तळ गेला आहे, दारे बद्द वाजतात, पण छताचा पत्रा खणखणीत आहे.